पांढरी कुणाला

“मॅडम, हा नियम कुठल्या पानावर आहे?” असं नव्या कारकूनबाईंनी विचारलं तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता आणि मी तो खालीही ठेवला नाही, तोंडालाही लावला नाही. बाईंना नोकरीला लागून तीनच आठवडे झाले होते, आणि नव्या माणसाला जशी सगळ्या वस्तू जागच्या जागी हव्या असतात तशा त्यांना हव्या होत्या. जुनी फाटकी नियमावली त्या संगणकावर उतरवत होत्या, शेवटच्या पानाला टाचणीनं लावलेल्या एका पिवळट कागदापाशी अडल्या होत्या. निवड समितीच्या सदस्याच्या नातलगाचं नाव समितीनं विचारात घेऊ नये, एवढं एकच वाक्य त्यावर होतं. मी म्हटलं, असेल कुठेतरी आत, सभेच्या ठरावात वगैरे. त्या म्हणाल्या, नाही, नियमावली त्यांनी दोनदा वाचली, ठरावांचं बाडही पाहिलं, हे वाक्य कुठेच नाही, फक्त या कागदावर आहे, आणि अक्षर कुणाचं ते कळलं तर त्यांनाच विचारून टाकता येईल. मग त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. शाई फिकी झाली होती, पण वेलांट्या ओळखू येत होत्या. शाळेत बाई ज्यांच्यावरून रागवायच्या त्याच त्या खालपर्यंत लोंबणाऱ्या वेलांट्या. अक्षर माझं होतं.

आमच्याकडे वर्षातून एकदा पूलच्या, म्हणजे बिलियर्डसारख्या टेबलावरच्या खेळाच्या, व्यावसायिक खेळाडूंची मोठी स्पर्धा होते. खाली हॉल, वर आमचं दोन खोल्यांचं कार्यालय, मध्ये एक लाकडी जिना. स्पर्धेला सोळाच खेळाडू बोलावले जातात. पंधरा जण वर्षभराच्या गुणांवरून आपोआप ठरतात, तिथं आम्हाला काही काम नसतं. टेबलावर रंगीत चेंडू पंधराच असतात म्हणून हे पंधरा. सोळावं आमंत्रण समितीच्या मनावर, आणि त्याला सगळे पांढरी म्हणतात, कारण पांढऱ्या चेंडूशिवाय बाकीचे पंधरा जागचे हलत नाहीत. ज्याला पांढरी मिळते त्याला पत्राबरोबर पुठ्ठ्याच्या डबीत खरोखरच एक पांढरा चेंडू जातो. तो त्यानं स्पर्धेला घेऊन यायचा आणि पहिला फटका त्याच चेंडूनं मारायचा, अशी रीत आहे. पत्रं जायच्या आधी महिनाभर गावभर एकच चर्चा, पांढरी कुणाला. केशकर्तनालयात, बँकेच्या रांगेत, आमच्या घरी जेवताना नवऱ्याच्या तोंडी. त्याला पूलमधलं ओ की ठो कळत नाही, पण पांढरी कुणाला हे त्याला दरवर्षी माझ्याआधी कळलेलं असतं. आज तीन वाजता बैठक होती आणि पाचच्या टपालानं पत्रं जायची होती. पंधरा नावं पाकिटांवर लिहून झाली होती. गुणांच्या यादीत सोळाव्या जागी जे नाव होतं ते माझ्या धाकट्या भावाचं होतं, आणि ते मी सवयीनं, पेन्सिलीनं, हलकी रेघ मारून खोडलं होतं. गेल्या नऊ वर्षांत तो चार वेळा सोळावा आला. हॉलमध्ये त्याला ‘सोळावा’ याच नावानं हाक मारतात, आणि तो ओ देतो.

कप खाली ठेवल्यावर मला हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. नऊ वर्षांपूर्वी मला समितीवर घेतलं त्या दिवशी मी याच जिन्यानं वर येत होते, नवी साडी होती, तिचा काठ पायात येत होता म्हणून हळू चढत होते. वरच्या वळणावर दोघं जण बोलत उभे होते. एक म्हणाला, “चला, भावाची सोय झाली.” त्यात विष नव्हतं, थट्टाच होती. पण माझ्या कानशिलांपर्यंत ऊन चढलं. बैठकीत बसल्याबसल्या मी पहिलं वाक्य बोलले ते हे, की माझ्या भावाच्या नावाचा विचार समितीनं करू नये. जुन्या कारकुनांनी चष्म्यावरून पाहत म्हटलं की लिहून द्या. मी लिहून दिलं, आणि एकट्या भावाचं नाव लिहिणं बरं दिसेना म्हणून ‘नातलग’ लिहिलं, ‘सदस्य’ लिहिलं, वाक्याला जरा इस्त्री केली. त्यांनी ते नियमावलीला टोचून ठेवलं. पुढच्या वर्षी बैठकीच्या सुरुवातीला नियम वाचताना तेही वाचलं, त्याच सुरात. त्याच्या पुढच्या वर्षीही. आणि मी, देवळात घंटा वाजली की हात आपोआप जोडले जावेत तशी, मान डोलवत गेले. मी विसरले होते म्हणावं तर ते खोटं, आठवत होतं म्हणावं तर तेही खरं नाही. कपाटामागे पडलेली वस्तू आपल्याला ठाऊक असते आणि नसतेही, तसं काहीतरी. सोनारानंच कान टोचावे लागतात. माझे कान तीन आठवड्यांच्या कारकूनबाईंनी टोचले, आणि वर विचारलं, “मग हा टाइप करू की नको?” मी म्हटलं, तीनपर्यंत थांबा.

भाऊ त्या वेळी खालीच होता. पत्रं जायच्या सुमारास चार दिवस तो हॉलमध्ये असतो, कारण सहाही टेबलांवर नवं कापड तोच घालतो. तेच त्याचं पोट, आणि तेच आमच्या वडिलांचं, आप्पांचं होतं. आप्पा गावोगावच्या क्लबांत टेबलं बसवत फिरायचे आणि सुटीत आम्हा दोघांना बरोबर न्यायचे. टेबलाची दगडी पाटी पाण्यासारखी सपाट झाली की तिच्यावर कापड अंथरायचं, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो, आणि आप्पा मध्ये उभे. ओढा म्हणाले की ओढायचं. नव्या कापडाला एक कोरडा, लोकरीचा, नाकात किंचित गुदगुल्या करणारा वास असतो. तो मला आजही आला की मी दहा वर्षांची होते, माझी बोटं दुखायला लागतात आणि मला सुख होतं. कापड ठोकून झालं की आप्पा तीन-चार चेंडू ठेवायला सांगायचे आणि टेबलाकडे पाठ करून उभे राहायचे. टेबल डोळ्यांनी बघायचं नसतं, ऐकायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्यापैकी कुणीतरी फटका मारायचं. चेंडू घरंगळत जायचा, कडेला लागायचा, परत यायचा. सगळं नीट असलं तर आप्पा काही बोलत नसत. कुठे कापड ढिलं राहिलं असलं तर नुसते खोकायचे. एकदाच, कोरडं. त्यांनी आम्हाला कधी रागावलेलं मला आठवत नाही. पण त्या खोकण्यानं आम्ही दोघं पाण्यात पडल्यासारखे व्हायचो, पिना उचकटायचो आणि पुन्हा ओढायचो. पुढे मी नोकरी धरली, संसार केला, क्यू, ती फटका मारायची काठी, हातातून सुटला तो सुटलाच. भाऊ आप्पांच्या जागी उभा राहिला. त्यानं दुसऱ्या टोकाला मग कधीच कुणाला घेतलं नाही. आधी एक टोक पिनांनी बसवतो, मग फिरून दुसरीकडे जातो आणि एकटाच ओढतो.

दरवर्षी सहावं टेबल झालं की तो तपासायला म्हणून प्रत्येकावर दोन-तीन डाव खेळतो. त्या वेळी हॉल रिकामा असतो, दुपार असते, वरच्या झरोक्यांतून उन्हाचे तिरपे पट्टे टेबलांवर पडलेले असतात. मी जिन्याच्या मधल्या पायरीवर, कठड्याआड बसून बघते. नऊ वर्षं बघते आहे, त्याला सांगितलेलं नाही. मांडलेल्या पंधरा चेंडूंचा त्रिकोण फुटतो आणि तो एकाही क्षणाला घाई करत नाही, कुठे थांबतही नाही. बाजारातून भाजी घेऊन घरी चालत यावं तसा तो टेबलाभोवती फिरतो आणि त्याच्यामागे एकेक चेंडू नाहीसा होत जातो. मागच्या वर्षी तो गेल्यावर मी खाली उतरून एका टेबलावर वाकून पाहिलं. जोरात फोडलं की पांढरा चेंडू ठेवतात तिथं कापडावर बारीक पांढरट डाग पडतो. तिथं एकच डाग होता, तुरीच्या दाण्याएवढा. तीन वेळा फोडल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. तिन्ही एकाच दाण्यावर. त्या वर्षी पांढरी ज्याला दिली तो पहिल्याच फेरीत गारद झाला, आणि मी टाळ्या वाजवत बसले होते, निःपक्षपाती चेहरा करून.

तीन वाजता बैठक बसली. आम्ही तिघंच. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत, समोरच्याला तोंड उघडायला लावून स्वतः बोलत राहायची त्यांना धंद्यामुळे सवय झाली आहे. दुसरे हॉलवाले, ज्यांचा खालचा हॉल. त्यांच्या हातात एक पत्र होतं, एका माजी विजेत्याचं. गुणांच्या यादीत तो एकतिसावा होता, पण त्यानं लिहिलं होतं की पांढरी हा आपला मान आहे. डॉक्टर म्हणाले, गर्दी तरी होईल. कारकूनबाईंनी नियम वाचायला घेतले आणि शेवटच्या कागदापाशी येऊन माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तो वाचू नका, तो नियम नाही. मग मी सगळं सांगितलं. जिना, नवी साडी, वळणावरचं वाक्य, कागद. सांगताना माझा आवाज मधेच बारीक झाला याची मला लाज वाटली. नऊ वर्षं तुम्ही ज्याला नियम समजत होता ती माझी भीती होती, असं मी म्हटलं, तो कागद काढा, आणि पांढरी कुणाला द्यायची ते तुम्ही दोघं ठरवा, मी बाहेर जाते. डॉक्टरांचं तोंड खरोखरच उघडं राहिलं. मग ते म्हणाले, “अहो, आम्हाला वाटायचं तुम्हा बहीणभावांत हाडवैर आहे. म्हणून आम्ही त्याचा विषयच काढायचो नाही.”

बाहेर जिन्याच्या वळणावर एक खिडकी आहे. तिच्यातून समोरच्या इमारतीची गच्ची दिसते, तिथं कुणीतरी चादर झटकत होतं. मी खिडकीच्या कट्ट्याला टेकून उभी राहिले, त्याच वळणावर, आणि मला पहिल्यांदाच नीट भीती वाटली. ते दोघं माजी विजेत्याला निवडतील ही भीती होतीच. भावाला आता एकावन्न पूर्ण होतील, लांबचा चेंडू टिपताना तो अलीकडे डोळे बारीक करतो, पुन्हा सोळावा येईल याची कोण हमी देणार. पण त्याखाली दुसरं काहीतरी होतं, ते जास्त टोचत होतं. लोक काय म्हणतील या भीतीनं मी तो कागद लिहिला, हे मी आत सांगितलं ते खरंच होतं. पण पहिल्या दोन वर्षांनंतर लोक काहीच म्हणत नव्हते. उलट म्हणायचे, बाई कशी तराजूच्या काट्यासारखी सरळ आहे, सख्ख्या भावाचंही नाव घेत नाही. ते माझ्या कानांवर यायचं आणि मला गोड लागायचं. त्याच्या वाटणीचा खेळ मोल म्हणून देऊन मी माझी सरळ चाल विकत घेतली होती, आणि त्या कौतुकाची मला चटक लागली होती. आणखीही एक होतं, अगदी तळाशी. दहा वर्षांची मी कापड ओढण्यात त्याच्यापेक्षा पक्की होते, फटक्यातही होते, पण आप्पांचा क्यू मोठेपणी त्याला मिळाला आणि मला शिलाईचं यंत्र. त्याचा राग मला कधी आला नाही असंच मी सगळ्यांना सांगत आले. कट्ट्याचा दगड गार होता. चादर झटकणारी बाई आत गेली. मी स्वतःशीच मोठ्यानं म्हटलं, आला होता, थोडासा आला होता. म्हटल्याबरोबर छातीवरून काहीतरी उतरलं आणि मी चक्क त्या खिडकीत उभी राहून हसले.

आतून बोलण्याचे आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. हॉलवाल्यांचा आवाज चढला, डॉक्टरांचा उतरला. मी ऐकायचं नाही म्हणून गच्चीवरच्या दोरीला लावलेले चिमटे मोजायला लागले. एकोणिसापर्यंत आले तेव्हा दार उघडलं. कारकूनबाई दोन्ही हातांत ती पुठ्ठ्याची डबी घेऊन उभ्या होत्या, सांडणार नाही अशा बेतानं. त्यांच्या मागून हॉलवाले आले. ते म्हणाले की माजी विजेत्याला पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत खुर्ची देऊ, गर्दी व्हायची ती होईल. मग ते जरा घुटमळले आणि हळूच म्हणाले की दरवर्षी सोळावा टेबलं तपासतो तेव्हा ते मागच्या कोठीच्या दाराआड उभे राहून बघतात, इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही, कारण त्यांना वाटायचं की नियम आहे, उगाच कुणाच्या मनाला लागायचं. म्हणजे एका बाजूला कठड्याआड मी आणि दुसऱ्या बाजूला दाराआड ते, आणि मध्ये तो बापडा रिकाम्या हॉलसाठी खेळत होता. आम्ही दोघं इतके हसलो की आतून डॉक्टर विचारायला आले, कुणाचं काय दुखतंय म्हणून.

डबी घेऊन मी जिना उतरले. खाली दोन टेबलं हिरवी झाली होती. तिसऱ्यावर कापड नुसतं अंथरलेलं होतं आणि एक टोक पिनांनी बसवलेलं होतं, भाऊ दुसऱ्या टोकाशी वाकला होता, तोंडात दोन पिना. मी डबी त्याच्यापुढे टेबलावर ठेवली. त्यानं डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पिना तोंडातून काढून खिशात ठेवल्या. डबी उघडायची त्याला गरज नव्हती, तशा डब्या त्यानं नऊ वर्षं दुसऱ्यांच्या हातांत पाहिल्या होत्या. तरी त्यानं ती उघडली, चेंडू तळहातावर घेतला आणि आप्पा घ्यायचे तसं त्याचं वजन घेतलं. मी त्याला कागदाचं सांगायला लागले. दोन वाक्यं होतात न होतात तोच तो म्हणाला, “माहीत आहे ताई. पहिल्याच वर्षी मी नियमावली वाचली होती.”

मला खाली बसावंसं वाटलं, पण हॉलमध्ये खुर्च्या अजून मांडलेल्या नव्हत्या. मी विचारलं की मग बोलला का नाहीस. तो चेंडू अंगठ्यानं पुसत राहिला, स्वच्छच होता तरी. म्हणाला, “तू विचारशील असं वाटलं. मग थांबायची सवय झाली. आणि कापड घालायला मला आवडतं. खेळायला नाही तर नाही, टेबलाला हात तर लागायचा.” मी म्हटलं, मला माफ कर. हे वाक्य मी त्याला उभ्या जन्मात म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते जरा जड गेलं आणि त्यालाही ते कुठे ठेवावं कळेना. तो टेबलाकडे वळला आणि एकदम त्याचा चेहरा पडला. “पण मग कापड कोण घालणार? जो खेळणार त्यानं टेबलाला हात लावून कसं चालेल? ही झालेली दोनही उचकटावी लागतील.” असा माणूस. नऊ वर्षांनी पांढरी हातात आली आणि याला काळजी पिनांची.

मी म्हटलं, बाकीच्यांसाठी उद्या दुसरा कारागीर बोलावू, आज हे एक उघडं ठेवून जायचं नाही, सरक. घड्याळ काढून मी जिन्याच्या कठड्यावर ठेवलं आणि पदर खोचला. तो म्हणाला, “तू तर माझी बहीण. तूही चालणार नाहीस.”

“असा नियम कुठल्या पानावर आहे?” मी विचारलं.

तो हसला. लहानपणी दात पडले होते तेव्हा हसायचा तसाच हसला, सगळं तोंड उघडून. मग खेळाडूसारखा शहाणा होऊन बाजूला झाला, चेंडू धरलेले हात पाठीमागे बांधले आणि टेबलाकडे पाठ करून उभा राहिला, म्हणजे बघण्याचाही आरोप नको. मी कापडाचं टोक धरलं. तो कोरडा, लोकरीचा वास नाकात गेला. बोटं त्रेपन्न वर्षांची होती, त्यांना आधी काही आठवेना, मग त्यांचं त्यांनाच आठवलं. मनगटानं नाही, पाठीनं ओढायचं. एक पिन, एक वीत सोडून दुसरी. दम लागत होता आणि मला गावंसं वाटत होतं. कठड्याआडून कुणीतरी बघत असावं असं वाटलं, वर पाहिलं तर कारकूनबाई मधल्या पायरीवर, माझ्या जागेवर बसल्या होत्या, आणि कोठीचं दार बोटभर उघडं होतं. बघू देत. टेबल झालं तेव्हा मी भिंतीवरचा एक क्यू काढला, टोकाला खडू घासला, चार चेंडू मांडले आणि अठ्ठावीस वर्षांनी वाकले. वाकताना गुडघा कुरकुरला. फटका मात्र बरा बसला. चेंडू निघाला, लांबच्या कडेला लागला, परत फिरला, उजव्या कोपऱ्याजवळून हळूहळू घरंगळत आला आणि माझ्यापुढे येऊन थांबला. मला तर ते टेबल अगदी बिनचूक वाटलं.

भावानं मागे वळून पाहिलं नाही. काही बोलणं त्याला शोभलंच नसतं, तो आता खेळाडू होता. तो नुसता खोकला. एकदाच, कोरडं.

मी क्यू भिंतीला लावला आणि हसत हसत उजव्या कोपऱ्यातल्या पिना उचकटायला घेतल्या.